यजमानाच्या बोलीत जनुक: कोडॉन बदलून प्रथिनाचं उत्पादन कसं वाढवावं

पाऊस पडला की चोपड्यापासून शहाद्यापर्यंत काळ्या रानात कपाशी वर येते. त्यातल्या बहुतेक रोपांत बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूकडून आलेलं जनुक आहे, हे खानदेशात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. जिवाणूत होतं तसंच ते जनुक झाडात घातलं तेव्हा त्याचं काम नीट चाललं नव्हतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. प्रथिन अत्यल्प बनायचं. १९९१ साली मोन्सँटोमधल्या पर्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जनुकाची अक्षरं बदलली, पण त्यातून बनणारं प्रथिन जवळपास तेच ठेवलं. सुमारे ३ टक्के बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, बदलले तेव्हा तंबाखू आणि टोमॅटोच्या रोपांत प्रथिन दहापटीच्या आसपास वाढलं, आणि जनुक पूर्ण नव्यानं लिहिलं तेव्हा ते शंभर पटींपर्यंत गेलं. बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली ती मार्च २००२ मध्ये. कोडॉन, म्हणजे डीएनएच्या तीन अक्षरांचा शब्द, बदलण्याचं आपल्या बांधावर उभं असलेलं हे सगळ्यात मोठं उदाहरण आहे.

हेच काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत छोट्या प्रमाणावर कसं करायचं, ते इथे पायरीपायरीनं सांगतो. जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबारकडची मुलं एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हा विषय घेतात आणि बहुतेकदा सॉफ्टवेअरमधलं एक बटण दाबून मोकळी होतात. मग तीन महिने जेलवर बँड, म्हणजे प्रथिनाची पट्टी, शोधत बसतात. ते टळावं म्हणून हा खटाटोप.

उदाहरणासाठी आपल्याच भागातलं प्रथिन घेऊ: केळीच्या गरातलं लेक्टिन, म्हणजे बॅनलेक. रावेर-यावलच्या केळीत ते आयतं सापडतं, मॅनोज या शर्करेला चिकटतं आणि आकारानं लहान आहे, १४० अमिनो आम्लांच्या आसपास. यजमान, म्हणजे ज्याच्या पेशीत जनुक चालवायचं तो जीव, म्हणून ई. कोलाय हा जिवाणू.

मुळात अडतं कुठे

ए, टी, जी, सी या चार अक्षरांतून तीन-तीनचे चौसष्ट कोडॉन होतात, त्यांपैकी तीन थांबण्याचे. उरलेले एकसष्ट कोडॉन वीस अमिनो आम्लांसाठी वाटलेले आहेत. त्यामुळे आर्जिनीन, ल्युसीन आणि सेरीन यांना प्रत्येकी सहा-सहा कोडॉन मिळतात. अर्थ एक, शब्द अनेक. 'तू कुठे चाललास' म्हटलं काय आणि 'तू कथा जाई ऱ्हायना' म्हटलं काय, विचारणं एकच. पण पुण्याच्या माणसाला अहिराणीतलं वाक्य ऐकून क्षणभर थांबावं लागतं. प्रथिनाची साखळी जोडणारा रायबोसोमही असाच थांबतो. एखाद्या कोडॉनचा टीआरएनए (त्याचं अमिनो आम्ल आणून देणारा रेणू) त्या पेशीत कमी असेल तर तो येईपर्यंत वाट पाहावी लागते. एखाददुसऱ्या ठिकाणी असं झालं तर काही बिघडत नाही. असे कोडॉन लागोपाठ आले तर मात्र साखळी अर्धवट तुटते, वाचन एका अक्षरानं सरकतं किंवा चुकीचं अमिनो आम्ल बसतं. ई. कोलायमध्ये एजीए या आर्जिनीनच्या कोडॉनवर कधीकधी लायसीन बसतं. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

ई. कोलायमध्ये विरळ म्हणून ओळखले जाणारे मुख्य कोडॉन असे: आर्जिनीनचे एजीजी आणि एजीए, आयसोल्युसीनचा एटीए, ल्युसीनचा सीटीए, प्रोलीनचा सीसीसी, ग्लायसीनचा जीजीए. सीजीए आणि सीजीजी हेही त्याच पंगतीतले. वनस्पतींच्या आणि माणसाच्या जनुकांत एजीजी, एजीए भरपूर असतात. म्हणून तिथून आणलेलं जनुक इथे अडखळतं.

आधी खात्री करा: दोष खरंच कोडॉनचा आहे का?

कंपनीकडून नवीन जनुक बनवून मागवण्याआधी हे तपासा, कारण इथेच पैसे वाचतात. बँड दिसत नाही म्हणजे कोडॉन चुकीचे, असं होत नाही. प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारी डीएनएची कडी) परत सिक्वेन्स करून घ्या, कुठे एखादं अक्षर गळालं नाही ना, वाचनचौकट बरोबर आहे ना. जनुक चालू करणारं रसायन, आयपीटीजी, जुनं झालंय का? प्रथिन पेशीला विषारी आहे का? इंडक्शननंतर, म्हणजे जनुक चालू केल्यावर, वाढ एकदम थांबली तर तसा संशय घ्यायला जागा आहे. प्रथिन बनतंय, पण न विरघळता गोळ्यात जातंय का? पेशी फोडून वरचं पाणी आणि खालचा गाळ वेगवेगळा जेलवर चालवल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही, आणि निम्मे विद्यार्थी गाळ फेकून देतात.

कोडॉनवर संशय पक्का होतो तो दोन खुणांवरून. एक, अपेक्षित आकाराच्या खाली छोट्या तुकड्यांची शिडी दिसते. दुसरी, मूळ जनुकात विरळ कोडॉन दोन-तीन लागोपाठ किंवा अगदी सुरुवातीला आहेत.

अशा वेळी जनुक न बदलताही एक स्वस्त चाचणी करता येते. रोझेटा नावाच्या ई. कोलायच्या वाणात एक जादा प्लाझ्मिड असतं. एजीजी, एजीए, एटीए, सीटीए, सीसीसी आणि जीजीए या सहा कोडॉनांचे टीआरएनए ते पुरवतं. तुमचं जुनंच प्लाझ्मिड त्यात घालून बघा. माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉल (३४ मायक्रोग्रॅम प्रति मिली) विसरू नका, नाहीतर पेशी ते जादा प्लाझ्मिड टाकून देतात आणि चाचणीला अर्थ उरत नाही. इथे बँड आला तर निदान पक्कं. प्रोजेक्टपुरतं प्रथिन यातूनच मिळत असेल तर थांबा. नवीन जनुकाची गरज नाही.

अनुक्रम हातात घ्या

सुरुवात डीएनएपासून करू नका, प्रथिनाच्या अनुक्रमापासून करा. युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसंचावर बॅनलेक शोधा आणि पक्व प्रथिन कुठून सुरू होतं ते पाहा. पेशीबाहेर पाठवण्यासाठी पुढे लावलेला सिग्नल पेप्टाइड असेल तर तो काढा. मूळ जनुकाशी तुलना करायची असेल तर सीडीएनए, म्हणजे एमआरएनएवरून (जनुकाच्या आरएनए प्रतीवरून) बनवलेला डीएनए, घ्या. जीनोममधलं जनुक घेतलं तर त्यात इंट्रॉन (प्रथिनात न येणारे मधले तुकडे) असतात आणि ते कापून टाकणारी यंत्रणा ई. कोलायकडे नाही.

जनुक कुणाचं आहे तेही पाहा, कारण संकेत सगळीकडे सारखा नसतो. मायकोप्लाझ्मात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, थांबा नव्हे. ते जनुक ई. कोलायमध्ये घातलं तर पहिल्याच टीजीएवर साखळी तुटेल. काही कॅन्डिडा यीस्टमध्ये सीटीजी म्हणजे ल्युसीन नव्हे, सेरीन.

तक्ता कोणता घ्यायचा

यजमानाच्या कोडॉन वापराचे तक्ते मिळतात. जपानच्या कझुसा संस्थेचा तक्ता वर्षानुवर्षं सगळे वापरत आले आहेत. पण दोन प्रकारच्या तक्त्यांत गोंधळ होतो. एकात सगळ्या जनुकांची सरासरी असते, दुसऱ्यात फक्त भरपूर प्रथिन बनवणाऱ्या जनुकांची. ई. कोलायमध्ये आयसोल्युसीनचंच बघा. सगळ्या जनुकांत एटीटी सर्वाधिक वापरला जातो, पण जोरात चालणाऱ्या जनुकांत एटीसी पुढे असतो. आपल्याला प्रथिन भरपूर हवंय, म्हणून दुसरा तक्ता जवळचा. तक्ता किती जनुकांवरून केलाय तेही पाहा. कमी अभ्यासलेल्या जीवांचे तक्ते मूठभर जनुकांवर उभे असतात आणि त्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

आकडा कसा फसवतो

कोडॉन किती जुळतात हे मोजायला शार्प आणि ली यांनी १९८७ साली एक निर्देशांक दिला. त्याला सगळे सीएआय म्हणतात. प्रत्येक कोडॉनला ० ते १ मधलं वजन असतं. त्या अमिनो आम्लाच्या सर्वांत लाडक्या कोडॉनला १, इतरांना त्याच्या तुलनेत कमी. ई. कोलायमध्ये आर्जिनीनसाठी त्यांच्या तक्त्यात सीजीटीला १, सीजीसीला ०.३५६, एजीएला ०.००४ आणि एजीजीला ०.००२. मग या सगळ्या वजनांचा भौमितिक मध्य काढायचा. मेथिओनीन आणि ट्रिप्टोफॅन सोडून द्यायचे, त्यांना पर्यायच नसतो.

आता वही-पेन घ्या. चार कोडॉन आहेत, तिघांचं वजन १ आणि एक एजीजी. गुणाकार ०.००२, त्याचं चौथं मूळ सुमारे ०.२१. विरळ कोडॉन लगेच उघडा पडला. पण आपलं जनुक १४० कोडॉनांचं आहे. त्यात १३८ कोडॉन अव्वल आणि दोन एजीजी शेजारीशेजारी असले तर सीएआय येतो सुमारे ०.९१. सॉफ्टवेअर हिरवी खूण देऊन 'उत्तम' म्हणेल. आणि रायबोसोम नेमका त्या दोन एजीजींवर अडकेल. त्यामुळे मी मुलांना सांगतो की सीएआय बघाच, पण त्याच्याखाली कोडॉनांची पूर्ण यादी छापून लाल पेनानं विरळ कोडॉनांवर गोल करा. एकटे-दुकटे असतील तर पुढच्या तपासणीत बघू. लागोपाठ असतील तर आधी ते बदला.

उलट चूकही तेवढीच मोठी आहे. सीएआय १.० करायचा म्हणून प्रत्येक आर्जिनीनला सीजीटी आणि प्रत्येक ल्युसीनला सीटीजी लावायचा. यानं एकाच टीआरएनएवर सगळा भार पडतो, अनुक्रमात पुनरावृत्ती वाढते आणि असं जनुक बनवणं कंपनीलाही अवघड जातं. वाटणी करा. सीजीटी आणि सीजीसी दोन्ही चालतात, ग्लायसीनला जीजीटी आणि जीजीसी दोन्ही चालतात. विरळ तेवढे टाळा.

एक तुकडा करून दाखवतो. मूळ:

एटीजी एजीजी एजीए एटीए सीटीए सीसीसी

मेथिओनीन, आर्जिनीन, आर्जिनीन, आयसोल्युसीन, ल्युसीन, प्रोलीन. पहिला सोडला तर पाचही विरळ. नवा:

एटीजी सीजीटी सीजीसी एटीसी सीटीजी सीसीजी

अमिनो आम्लं तीच. पण हा तुकडा जनुकाच्या मध्ये असता तर मी इथेच थांबलो असतो. तो सुरुवातीला असेल तर अजून एक काम बाकी आहे.

पहिले चाळीस बेस

कुडला आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची, जीएफपीची, १५४ जनुकं बनवली. प्रथिन एकच, कोडॉन वेगवेगळे. ई. कोलायमध्ये उत्पादनात २५० पटींपर्यंत फरक पडला. आणि कोडॉन किती 'चांगले' आहेत याच्याशी त्या फरकाचा संबंध जवळजवळ लागलाच नाही. निम्म्याहून जास्त फरक उलगडला तो एमआरएनएच्या सुरुवातीच्या घडीवरून, सुरुवातीच्या कोडॉनच्या ४ बेस आधीपासून ३७ बेसपर्यंतच्या पट्ट्यात. तिथे एमआरएनएची घट्ट गाठ बसली तर रायबोसोमला बसायलाच जागा मिळत नाही. दार बंद असेल तर आत किती सुबक फर्निचर आहे याला अर्थ नाही.

म्हणून पहिल्या दहा-बारा कोडॉनांत जी आणि सी कमी ठेवा. वरच्या तुकड्यात सीजीसीऐवजी सीजीटी, एटीसीऐवजी एटीटी घ्या. शेवटचा सीसीजी बदलून सीसीए केला तरी चालेल. मग व्हेक्टरमधले (ज्या प्लाझ्मिडात जनुक बसवायचं त्यातले) सुरुवातीच्या कोडॉनआधीचे ३०-४० बेस आणि जनुकाचे पहिले ४० बेस एकत्र आरएनएफोल्ड या घडी काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. दोन-तीन पर्याय करून ज्याची घडी सर्वांत सैल येईल तो घ्या. ऊर्जेचा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी घडी सैल.

पीईटी-२८ए हे व्हेक्टर वापरत असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. एनडीई-१ हे डीएनए कापणारं एन्झाइम जिथे कापतं त्या जागेवर जनुक बसवलं तर सुरुवातीला व्हेक्टरचीच वीस अमिनो आम्लं येतात, शुद्धीकरणासाठीच्या हिस्टिडीन टॅगसकट. मग हा नाजूक पट्टा व्हेक्टरचा असतो, तुमच्या जनुकाचा नाही, आणि तिथे तुम्हाला फारसं काही करता येत नाही. एनसीओ-१ हे तसंच दुसरं एन्झाइम वापरलं तर सुरुवात तुमच्या जनुकाची, पण त्या जागेमुळे दुसरा कोडॉन जी अक्षरानं सुरू व्हावाच लागतो. म्हणजे तिथे फक्त व्हॅलीन, ॲलानीन, ॲस्पार्टिक, ग्लुटामिक किंवा ग्लायसीन बसू शकतं.

नको असलेली अक्षरं शोधा

ही पायरी मी एकदा गाळली होती. सॉफ्टवेअरनं दिलेला अनुक्रम तसाच मागवला, क्लोनिंगला एनडीई-१ लावलं आणि जेलवर जनुकाचे दोन तुकडे दिसले. आत हिस्टिडीन-मेथिओनीन शेजारी होतं आणि सॉफ्टवेअरनं हिस्टिडीनला सीएटी दिला होता. सीएटी एटीजी म्हणजेच एनडीई-१ ची जागा. सीएसी केलं असतं तर काहीच झालं नसतं. एका अक्षरासाठी सगळं जनुक परत मागवावं लागलं.

अशा जोड्या ठरलेल्या आहेत, पाठच करून ठेवा. ल्युसीन-ग्लुटामिक सीटीसी जीएजी लिहिलं तर एक्सएचओ-१. सीटीजी जीएए लिहा. लायसीन-ल्युसीन एएजी सीटीटी म्हणजे हिंड-३. एएए सीटीजी करा. ग्लुटामिक-फेनिलॲलानीन जीएए टीटीसी म्हणजे इको-आर-१. जीएए टीटीटी करा. ग्लायसीन-सेरीन जीजीए टीसीसी म्हणजे बॅम-एच-१. जीजीटी एजीसी करा. या जागा आडव्या, म्हणजे तीन कोडॉनांत पसरूनही तयार होतात, त्यामुळे पूर्ण अनुक्रम एनईबीकटर या कापण्याच्या जागा शोधणाऱ्या साधनातून काढाच.

मग एजीजीएजीजी शोधा. ही रायबोसोम बसण्याची खूण आहे. ती जनुकाच्या मध्ये आली तर तिथून अर्धवट प्रथिन सुरू होऊ शकतं. ग्लुटामिक-ग्लुटामिक-ग्लायसीन जीएजी जीएजी जीजीटी असं लिहिलं की ती लपून बसते. जीएए जीएए जीजीटी लिहिलं की जाते. एकच अक्षर सहा-सात वेळा सलग आलं असेल तर ते तोडा. हिस्टिडीनच्या रांगेत सीएसी आणि सीएटी आलटून पालटून लावा. शेवटी टीएए घाला, ई. कोलायमध्ये तो सर्वांत भरवशाचा थांबा.

यजमान पिकिया यीस्ट असेल तर ए-टीच्या लांब पट्ट्या टाळा, तिथे एमआरएनए मध्येच संपतो. झाड असेल तर एएटीएएए आणि एटीटीटीए शोधून मोडा. कपाशीच्या जनुकात पर्लाकच्या गटानं हेच केलं होतं, आणि नुसत्या कोडॉनइतकंच श्रेय त्या सफाईला जातं असं माझं मत आहे.

सगळंच वेगात नको

प्रथिन रायबोसोममधून बाहेर पडता पडताच घडी घेत असतं. काही ठिकाणी निसर्गानं विरळ कोडॉन ठेवून गती मुद्दाम कमी केलेली असते. न्यूरोस्पोरा बुरशीच्या एफआरक्यू या घड्याळ-जनुकाचे कोडॉन 'सुधारले' तेव्हा प्रथिन वाढलं, पण बुरशीचं दैनंदिन घड्याळच बिघडलं. हे २०१३ मधलं काम आहे. बॅनलेकसारख्या लहान प्रथिनात ही भीती कमी. दोन-तीन भाग जोडलेलं मोठं प्रथिन असेल तर मात्र भागांच्या सांध्याजवळ मूळ जीवात विरळ कोडॉन होते का ते पाहा आणि तिथे यजमानातलाही थोडा मंद कोडॉन ठेवा. एजीजी नको, मध्यम वजनाचा पुरेसा आहे. पैसे असतील तर दोन आवृत्त्या मागवा.

परत वाचा, मग ऑर्डर द्या

अंतिम अनुक्रम पहिल्या अक्षरापासून परत प्रथिनात भाषांतरित करा आणि मूळ प्रथिनाशी जुळवून पाहा. शंभर टक्के जुळलं पाहिजे, ९९ चालत नाही. हे काम ज्यानं अनुक्रम लिहिला त्यानं करू नये, शेजारच्या मुलाला द्या. फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्ती लिहा. आणि पुनर्संयोजित डीएनएचं काम असल्यानं संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी घ्या, ट्यूब दारात आल्यावर नव्हे.

ट्यूब आल्यावर

जनुक कोरडं, वाळवलेलं येतं. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हाही कुरिअरच्या गाडीत कोरड्या डीएनएला धक्का लागत नाही. काळजी लागते ती बर्फात येणाऱ्या कॉम्पिटंट, म्हणजे बाहेरचा डीएनए आत घेणाऱ्या, पेशींची. त्या शक्यतो थंडीत मागवा किंवा स्वतः बनवा. डीएनएची ट्यूब उघडण्याआधी अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूज करा. पांढरी भुकटी झाकणाला चिकटलेली असते आणि घाईत झाकण उघडलं की अख्खं जनुक पंख्याच्या वाऱ्यानं उडून जातं. विरघळवल्यावर लगेच दोन वाटे करा आणि वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा. दुपारच्या लोडशेडिंगचा भरवसा नाही.

पहिली चाचणी १० मिलीत करा. बीएल२१ (डीई३) या ई. कोलायच्या वाणात मूळ जनुक, त्याच वाणात नवं जनुक, रोझेटात मूळ जनुक आणि रिकामं व्हेक्टर अशी चार कल्चर. सगळी ०.६ ओडीला (ओडी म्हणजे कल्चर किती दाट झालं त्याचं माप) एकाच वेळी इंड्यूस करा, प्रत्येकाचा निम्मा भाग ३७ अंशांवर तीन-चार तास, निम्मा १८ अंशांवर रात्रभर. प्रत्येकाचा इंडक्शनआधीचा नमुना, वरचं पाणी आणि खालचा गाळ जेलवर चालवा. नवं जनुक आणि मूळ जनुक यांत काहीच फरक नसेल तर अडचण कोडॉनची नव्हतीच, परत पहिल्या पायरीवर या. प्रथिन वाढलं पण सगळं गाळात गेलं तर कोडॉनना हात लावू नका, आधी तापमान आणि आयपीटीजी कमी करा.

जाड बँड आला की मुलं फोटो काढून घरी जातात. पण बॅनलेक मॅनोजला चिकटतं का हे बघितल्याशिवाय ते बॅनलेक आहे असं म्हणता येत नाही. चिकटलं तर शुद्ध केलेलं थोडं प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवा, मूळ जनुकाचं आणि नव्या जनुकाचं दोन्ही. आर्जिनीनच्या जागी लायसीन बसलं तर वजन २८ डाल्टननं कमी भरतं. मूळ जनुकाच्या नमुन्यात मुख्य शिखराच्या डावीकडे २८ वर एक छोटं शिखर दिसलं आणि नव्या जनुकाच्या नमुन्यात ते नसलं, तर एजीए काढून टाकल्यानं काय साधलं ते त्या एका कागदावर उमटलेलं असतं.